दीपमाळेची सावली

कोल्हापूर,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेला बारा सेकंदांचा शॉट, त्यातल्या दीपमाळेचे संगणकावर घडवलेले त्रिमितीय मॉडेल आणि चित्रपट-विश्लेषणाचा निबंध अशी तिन्ही कामे मिळाली. सोबतच्या पत्रात तू लिहितोस की पहिल्या दोन विषयांत तुझे मन रमते, तिसरा मात्र वेळकाढू वाटतो, आणि त्यात पास होण्यापुरते गुण मिळाले तरी तुला पुरे आहेत. या मताशी मी सहमत नाही. पण ते का, हे सांगण्यासाठी मला आधी तुझ्या शॉटबद्दलच लिहावे लागेल, कारण शॉटमधल्या चुका आणि निबंधातल्या चुका एकाच घरच्या आहेत.

प्रथम जे जमले आहे त्याविषयी. पंचगंगेच्या घाटावर हातात कॅमेरा धरून केलेले चित्रीकरण आणि त्यावर बसवलेली डिजिटल दीपमाळ, आणि तरीही २८८ फ्रेम्समध्ये ती पायथ्याशी कुठे घसरत नाही. मी तुझी फाईल उघडून पाहिली तेव्हा सेन्सरची रुंदी तू स्वतः शोधून भरलेली दिसली, याचे मला विशेष कौतुक वाटले. ३५ मिलिमीटरची लेन्स ३६ मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर सुमारे ५४ अंशांचे दृश्य टिपते आणि तुमच्या कॉलेजच्या कॅमेऱ्यासारख्या साडेतेवीस मिलिमीटरच्या सेन्सरवर जेमतेम ३७ अंशांचे. तरीही निम्मी मुले सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असलेला ३६ चा आकडा तसाच ठेवतात आणि मग ट्रॅक, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याच्या हालचालीशी डिजिटल वस्तूची जुळणी, सरकतो म्हणून रात्रभर डोके धरून बसतात.

आता सावली. तुझ्या दीपमाळेची सावली पायथ्यापासून टोकापर्यंत सारखीच धारदार आहे, जणू काळा कागद कापून पायऱ्यांवर चिकटवला आहे. सूर्य हा आपल्याला बिंदूएवढा वाटत असला तरी आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश भरते, आणि म्हणून कोणत्याही वस्तूच्या सावलीची कड त्या वस्तूपासून जितकी दूर जाते तितकी पसरट होत जाते. हिशेब सोपा आहे. सावली टाकणारा भाग आणि सावली पडते ती जागा यांतल्या अंतराला १०८ ने भाग, म्हणजे कडेचा धूसर पट्टा साधारण किती रुंद असेल ते कळते. आठ मीटर उंचीची दीपमाळ आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंशांवर धरला, तर तिच्या शेंड्यापासून सावलीच्या टोकापर्यंत सोळा मीटर होतात. तिथली कड सुमारे पंधरा सेंटिमीटर मऊ हवी, आणि सावली जमिनीवर तिरपी पडत असल्याने ती टोकाकडे आणखी ताणलेली दिसेल. पायथ्याशी मात्र ती चाकूच्या धारेसारखी राहील. तू वापरतोस त्या ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधल्या सूर्याला हा अर्ध्या अंशाचा कोन मुळातच दिलेला असतो. तू तो शून्य केला आहेस. रेंडरमधला, म्हणजे संगणकाने तयार केलेल्या चित्रातला, दाणा कमी व्हावा म्हणून केला असशील, असा माझा कयास आहे.

सूर्य कुठे ठेवावा, हाही तुझ्या शॉटमध्ये अंदाजाचा मामला झालेला दिसतो. कोल्हापूरच्या मुलाला हे सांगावे लागावे, याची मला थोडी गंमत वाटली. आपल्याकडे अंबाबाईच्या देवळात ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात आणि देवीच्या चरणांपासून मुखाकडे सरकत जातात. या दोन वेळच्या तारखा काही मनाला येईल तशा पडलेल्या नाहीत. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसाच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच अंतरावर त्या आहेत, आणि म्हणून दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ त्याच ठिकाणी मावळतो. ज्यांनी ते देऊळ उभारले त्यांनी दिशा, उंबरा आणि तारीख यांचा मेळ घातला होता. तुला तर सूर्याची जागा काढून देणारे अ‍ॅड-ऑन फुकट मिळते, त्यात अक्षांश १६.७, रेखांश ७४.२, तारीख आणि वेळ भरली की काम झाले. किरणोत्सवाच्या दिवशी हवेत धूळ आणि बाष्प असेल तर किरणे अर्ध्या वाटेतच फिकी पडतात, ही गोष्टही तू दरवर्षी ऐकत आला आहेस. तुझ्या शॉटमधल्या दूरच्या काठाला जो निळसर राखाडी रंग आला आहे तो याच धुळीबाष्पाचा. आणि दीपमाळेचा काळा दगड मात्र त्या हवेपलीकडे असूनही कोळशासारखा काळा दिसतो आहे.

सर्वांत मोठी चूक याहून बारीक आहे, आणि माझ्या मते तीच शिकण्यासारखी आहे. सकाळचे चित्रीकरण असल्याने ऊन शहराच्या बाजूने येते आणि सावली नदीकडे उतरत्या पायऱ्यांवर पडते. अशा वेळी प्रत्येक पायरीचा सपाट भाग उन्हात असतो, पण नदीकडे तोंड असलेली उभी बाजू आधीपासूनच सावलीत असते. तू सावलीचा एकच थर सगळ्या पायऱ्यांवर गुणला आहेस, म्हणजे खालचे सगळे चित्र सारखेच काळे केले आहेस, त्यामुळे त्या उभ्या बाजू दुसऱ्यांदा काळ्या झाल्या आहेत. जिथे ऊन पोहोचतच नव्हते तिथले ऊन दीपमाळ अडवणार कशी? शिवाय खऱ्या घाटावर सावली पायरीच्या कडेशी तुटते आणि खालच्या पायरीवर थोडी पुढे सरकून पुन्हा सुरू होते. तुझ्या शॉटमध्ये ती उतारावरून ओघळल्यासारखी सलग उतरली आहे, कारण तू सावली झेलायला पायऱ्यांऐवजी एक तिरपी पाटी ठेवली होतीस. पायऱ्यांची साधी ठोकळ्यांची प्रतिकृती करायला अर्धा तास लागला असता. पाहणाऱ्याला यातले काही शब्दांत सांगता येणार नाही, पण तो म्हणेल, ‘काहीतरी खोटं वाटतंय.’ आमच्या धंद्यात ते वाक्य ऐकले की रात्रीचा डबा मागवायचा असतो.

मॉडेलबद्दल थोडक्यात लिहितो. तुझी दीपमाळ एका बाजूचा तुकडा गोल फिरवून केली आहे, आणि म्हणून तिच्यावरचा पणत्या ठेवायचा प्रत्येक हात, प्रत्येक सांधा अगदी सारखा आहे. दगडाच्या कडा धारदार ठेवू नकोस, अगदी बारीक बेव्हल दे, म्हणजे कड किंचित तासून घे. कडेवर चमकणारी ती अरुंद रेघ नसेल तर दगड पुठ्ठ्यासारखा दिसतो. मळ लावताना तो कुठून आला याचा विचार कर. हातांच्या खाली पणत्यांच्या तेलाचे काळे ओघळ असतात, वर नसतात. पावसाळ्यात पाणी चढते तिथपर्यंत गाळाची फिकट छटा राहते. टेक्श्चरच्या संग्रहातून उचललेला मळ सगळीकडे सारखा पसरतो आणि त्याला कारण नसते.

मॉडेलचा पृष्ठभाग ज्या लहान तुकड्यांच्या जाळीने बनतो, तिच्या मांडणीविषयी तू विचारलेस की चौकोनच का हवेत, त्रिकोण का चालत नाहीत. कधी वेळ काढून उद्यमनगरात एखाद्या फौंड्रीत पॅटर्न करणाऱ्या कारागिराजवळ तासभर बस. तो लाकडाचा नमुना प्रत्यक्ष भागापेक्षा किंचित मोठा करतो, कारण ओतलेले लोखंड थंड होताना आकसते. आणि उभ्या बाजूंना थोडा उतार देतो, कारण नमुना वाळूतून साचा न मोडता वर यायला हवा. नमुन्याचा आकार ठरतो तो पुढे त्याचे काय होणार आहे यावरून. तुझी दीपमाळ जागची हलणार नाही, तिच्यात चार त्रिकोण असले तरी कोणाचे बिघडत नाही. पण उद्या चेहरा करशील, तो हसेल, डोळे मिटेल, त्याचे पृष्ठभाग पुन्हा पुन्हा विभागून गुळगुळीत केले जातील. तेव्हा ओठांभोवती आणि डोळ्यांभोवती चौकोनांची वलये नसतील तर कातडीला भलत्याच ठिकाणी चुण्या पडतील.

दीपमाळेभोवती जी पातळ काळी रेघ दिसते तिचे कारण तुला सापडले नाही, असे तू लिहिले आहेस. रंग अल्फाने, म्हणजे चित्राचा प्रत्येक बिंदू किती अपारदर्शक आहे त्या आकड्याने, एकदा गुणून आलेले असताना तू ते पुन्हा गुणले आहेस, एवढेच. पोर्टर आणि डफ या संगणक-चित्रांच्या दोन अभ्यासकांनी १९८४ साली चित्रावर चित्र बसवण्याचे जे गणित मांडले, ते आजही प्रत्येक कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरच्या पोटात आहे. ते दोन पानांत मावते आणि पाठ करण्यासारखे आहे. हे मी शहाणपणाने सांगत नाही. मुंबईतल्या एका स्टुडिओत माझ्या दुसऱ्याच वर्षी, अल्फाने गुणलेल्या चित्रावर तसाच गॅमा, म्हणजे मधल्या छटांचा उजळपणा, वाढवून मी अकरा शॉट पुढे पाठवले होते. नायिकेच्या केसांभोवती उजळ कड आली. माझ्या पडद्यावर ती दिसली नव्हती. चित्रपटगृहाच्या पडद्यावर ती शेवटच्या रांगेतूनही दिसली. त्या अकरा शॉटपैकी नऊ मी त्याच आठवड्यात पुन्हा केले आणि उरलेले दोन दुसऱ्याला देण्यात आले, आणि ते दोनच मला अजून आठवतात.

आता निबंधाकडे येतो. चौदाशे शब्दांपैकी सुमारे हजार शब्दांत तू कथानक सांगितले आहेस आणि उरलेल्यांत ‘अप्रतिम छायांकन’, ‘काळजाला भिडणारा अभिनय’ अशी विशेषणे आहेत. कथा परीक्षकाला माहीत असते. त्याला हवे असते ते हे की अमुक मिनिटाला कॅमेरा कुठे होता, उजेड कोणत्या बाजूने येत होता, काप (कट) कोणत्या हालचालीवर घेतला, आणि त्याऐवजी दुसरे काही केले असते तर काय बिघडले असते. कोणत्याही चित्रपटातली दहा मिनिटे निवड, आवाज बंद कर आणि काप मोज. १२० शॉट भरले तर सरासरी पाच सेकंदांचा एक शॉट झाला; मग त्यांतले सर्वांत लांब तीन शॉट वेगळे काढ आणि दिग्दर्शकाने नेमके तिथेच का थांबायचे ठरवले ते लिही. प्रत्येक शॉटचा प्रकाश कागदावर बाणाने दाखव. असे पन्नास बाण काढल्यावर पायरीच्या उभ्या बाजूवर ऊन नाही हे तुला कोणी सांगावे लागणार नाही.

नमुना म्हणून दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा ‘कालिया मर्दन’ घे. त्याच्या सुरुवातीला त्यांची मुलगी मंदाकिनी हिचा चेहरा वेगवेगळे भाव दाखवतो आणि मग ती कृष्णाच्या रूपात विरघळून जाते. त्या काळी असा मिलाफ साधायला कॅमेऱ्याचे भिंग हळूहळू झाकून, फिल्म मागे फिरवून, पुन्हा तितक्याच हळू उघडावे लागे, आणि हात चुकला तर सगळे वाया जाई. पण तुझ्या निबंधाचा प्रश्न ‘हे कसे केले’ एवढाच नसावा. जादू दाखवण्याआधी त्यांनी प्रेक्षकाला ती साधी मुलगी का दाखवली, यावर दोन पाने लिही; मला वाचायला आवडतील.

पत्रात तू आणखी एक वाक्य लिहिले आहेस, की कोल्हापुरात राहून या क्षेत्रात काही शिकता येत नाही. पुण्या-मुंबईला जरूर जा, काम तिथेच अधिक आहे. पण बाबूराव पेंटर यांनी याच गावात १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू केली, आणि योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांना रोटोस्कोपचे, म्हणजे चित्रीकरणावरून एकेक फ्रेम गिरवण्याच्या पद्धतीचे, पेटंट मिळाले, ज्याच्या नावाचे लहान रूप घेऊन तू हल्ली दिवसभर ‘रोटो, रोटो’ करतोस. बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. पडद्यावर महाल रंगवायचा तर सावलीही रंगवावी लागते, आणि ती कोणत्या बाजूने पडेल हे आधी ठरवावे लागते. सिनेमात आल्यावर बाबूरावांनी रंगवलेले पडदे मागे टाकून खरी खोली असलेले सेट उभारले आणि १९२३ च्या ‘सिंहगड’साठी कृत्रिम दिवे वापरले. कंपनीचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत, ही हळहळ आहेच. तरी मला राहून राहून वाटते की चित्रकार, मूर्तिकार आणि चित्रपटकार ही त्यांची तीन कामे तुझ्या अभ्यासक्रमातल्या तीन विषयांइतकी वेगळी नव्हती.

सॉफ्टवेअर कोणते शिकू, या तुझ्या प्रश्नाला मी मुद्दाम छोटे उत्तर देतो. ब्लेंडर मोफत आहे, तेवढ्यावर दोन वर्षे निघतात. न्यूक या कॉम्पोझिटिंग सॉफ्टवेअरची शिकण्यासाठीची मोफत आवृत्ती उतरवून घे आणि रोज एक शॉट त्यात बांध. आणि कृपा करून फाईलला ‘फायनल_फायनल_खरंच_फायनल’ असे नाव देऊ नकोस. आवृत्तीचा क्रमांक तीन आकड्यांत लिही.

येत्या रविवारी सकाळी साडेआठला घाटावर ये. नऊच्या सुमारास या दिवसांत सूर्य बरोबर ३० अंशांच्या आसपास असतो. दहा मीटरची टेप, उजेड मोजायचे राखाडी कार्ड आणि पायऱ्यांची उंची-रुंदी लिहायला वही आण. आपण खऱ्या दीपमाळेच्या सावलीचे टोक शोधू आणि तिथला धूसर पट्टा मोजू. माझे पंधरा सेंटिमीटर चुकले तर चहा माझ्याकडून.

तुझा,
एक जुना कॉम्पोझिटर