एप्रिल-मेच्या उन्हात बांबूचं धनुष्य मऊ पडतं का?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात मुलीसाठी बांबूचं धनुष्य घेतलं, इंडियन राउंडचा (बांबूच्या धनुष्यावरच्या स्पर्धाप्रकाराचा) सराव चालू आहे, सकाळी बाण नीट लागतात आणि दुपारी 4 नंतर तेच बाण 50 मीटरवर खाली जातात. धनुष्य वाया गेलं का, हा तुमचा प्रश्न. बहुतेक नाही गेलेलं. मी अकोल्यात 12 वर्षांपासून बांबूच्याच धनुष्यावर सराव करतो आणि तुम्ही सांगताय ते दर उन्हाळ्यात बघतो.

बांबू तापला की थोडा मऊ होतो. धनुष्य बनवणारा कारागीर वाकडा बांबू निखाऱ्यावर शेकून सरळ करतो ना, तोच गुण इथे आपल्याविरुद्ध काम करतो. उन्हात तासभर राहिलेलं धनुष्य ओढायला हलकं लागतं. मी एकदा मे महिन्यात माझ्या 34 पौंडांच्या धनुष्याला सकाळी 6 ला आणि दुपारी 4 ला सामान तोलायचा लटकता काटा लावून पाहिला होता. दुपारी जवळजवळ 1 पौंड कमी भरलं. ऐकायला काहीच नाही, पण हिशेब करून बघा. बाणाचा वेग सेकंदाला 45 मीटर धरला तर 50 मीटर जायला त्याला साधारण 1.1 सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात तो सरळ रेषेपेक्षा 6 मीटर खाली येतो. वेग फक्त 1 टक्क्याने घटला तरी बाण आणखी 12 सेंटीमीटर खाली. 122 सेंटीमीटरच्या टार्गेटवर एक रिंग 6 सेंटीमीटरची असते, म्हणजे 2 रिंगा गेल्या. 30 मीटरवर हाच फरक 4-5 सेंटीमीटरचा राहतो, म्हणून तिथे तो चटकन लक्षात येत नाही. गरम हवा पातळ असते, तिचा बाणाला अडथळा कमी होतो, त्यामुळे यातलं थोडं भरून निघतं, पण सगळं नाही.

रात्री दोरी उतरवून धनुष्य सावलीत ठेवलं की सकाळी ते जागेवर येतं. तुमच्या मुलीचे बाण सकाळी नीट लागतात, याचा अर्थ हाच.

आता दोरी. बाण खाली जाण्यात निम्मा हात तिचाही असू शकतो. डॅक्रॉनची (पॉलिस्टर धाग्याची) दोरी उन्हात ताणाखाली हळूहळू लांबते. दोरी लांबली की धनुष्याच्या मुठीपासूनचं तिचं अंतर कमी होतं, सुटताना ती मनगटावर फटका मारू लागते आणि बाण वेगळाच निघतो. सकाळी दोरी चढवली की मुठीवर हाताची मूठ ठेवून अंगठा उभा करायचा, दोरी अंगठ्याच्या कुठल्या पेरापर्यंत येते ते बघून ठेवायचं. दुपारी परत बघायचं. अंतर कमी झालं असेल तर दोरी उतरवून 4-5 पीळ जास्त द्यायचे. दोरीला मेण लावत असाल तर उन्हाळ्यात अगदी कमी लावा. मऊ झालेल्या मेणावर मैदानाची माती बसते आणि मग ती दोरी आतून कापत राहते. जुन्या लोकांनी दोरीचा विचार किती केला होता बघा: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या दोरीसाठी मूर्वा, रुई, ताग, बांबू, स्नायू अशी यादीच आहे. भिल्लांच्या तिरकमठ्यालाही बांबूच्या चिपेची दोरी असते. ती उन्हात डॅक्रॉनसारखी सैल पडत नाही.

पण तुम्ही जे विचारलं नाही त्याची मला जास्त काळजी वाटते. ऊन उतरलं की मऊपणा जातो, कोरडेपणा मात्र साचत जातो. आपल्याकडे मेमध्ये दुपारी हवेतली आर्द्रता 15-20 टक्क्यांवर येते. बांबू आतलं पाणी सोडतो, कडक आणि ठिसूळ होतो. त्यात आपण घरी काय करतो? कूलर लावतो, आणि धनुष्य त्याच खोलीत खिळ्याला टांगतो. रात्रभर ओलसर हवा, सकाळी एकदम भट्टी. बांबू रोज फुगतो आणि रोज आकसतो. माझं पहिलं धनुष्य असंच गेलं. कूलरच्या समोरच्या भिंतीवर 2 महिने टांगलेलं होतं. एका सकाळी ओढताना वरच्या पात्यातून, म्हणजे मुठीच्या वरच्या वाकणाऱ्या भागातून, बारीक "टिक्" असा आवाज आला, मी दुर्लक्ष केलं, आणि चौथ्या बाणाला पेराजवळ उभी चीर पडली. त्या आवाजाला थांबायचं असतं हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय.

तेव्हा धनुष्य कूलरच्या खोलीत नको. आतल्या, जाड भिंतीच्या, सगळ्यात कमी तापणाऱ्या खोलीत ठेवा, दोरी उतरवून, आडवं, 2 खुंट्यांवर. कोपऱ्यात उभं टेकवलं तर पातं मुरगळतं. आठवड्यातून एकदा कापसाचा बोळा टार्गेटकडच्या बाजूवरून हलक्या हाताने फिरवा. कुठे कापसाचा धागा अडकला तर तिथे तंतू उठलाय. ताण त्याच बाजूवर येतो, तेव्हा ते धनुष्य त्या दिवशी मुलीच्या हातात देऊ नका, आधी कारागिराला दाखवा. मोसमाच्या सुरुवातीला जवसाच्या तेलाचे पातळ 2-3 हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. त्याने पाण्याची ये-जा थांबत नाही, मंद होते, आणि आपल्याला तेवढंच हवं आहे. तेलाचा फडका मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेला फडका आपोआप पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवा.

कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं. तिथे उष्णतेबरोबर दमटपणा येतो, बांबू पाणी पितो, ढिला पडतो आणि वाकलेल्या आकारातच राहू लागतो. दमट उन्हाळ्याचा धाक किती जुना आहे याचं एक उदाहरण कोरियातलं. तिथलं पारंपरिक धनुष्य म्हशीचं शिंग, स्नायू आणि बांबू माशाच्या सरसाने चिकटवून करतात. 1388 मध्ये मिंग चीनवर चालून जायचा हुकूम आला तेव्हा सेनापती ई सॉन्ग-ग्ये याने 4 आक्षेप घेतले. त्यातला एक होता की उन्हाळी पावसात धनुष्यांचा सरस सुटेल आणि सैन्यात रोगराई पसरेल. तो सैन्य घेऊन मागे फिरला आणि पुढे त्याने नवं राजघराणं स्थापन केलं. आजही तिथे शिंगाची धनुष्यं पावसाळ्यात उबदार, कोरड्या पेटीत ठेवतात.

बाणांचं थोडक्यात. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, धनुष्यही नाही. आत 60 अंशांच्या वर जातं. फळ, म्हणजे बाणाचं टोक, गरम गोंदाने बसवलेलं असेल तर ते सैल होतं आणि बाण ओढताना टार्गेटमध्येच राहतं. बांबूचे बाण भिंतीला टेकवून उन्हात ठेवले तर वाकतात. पिसांना उन्हाने फारसं काही होत नाही.

शेवटी मुलीबद्दल, कारण धनुष्य दुसरं घेता येतं. सकाळी 6 ते 9 सराव पुरे आहे. संध्याकाळी जायचंच असेल तर 5.30 नंतर. घामाने टॅब (दोरी ओढताना बोटांवर घालायची पट्टी) ओला झाला की दोरी चिकटते आणि सुटताना बाण बाजूला जातो, म्हणून 2 टॅब ठेवा, एक वाळेपर्यंत दुसरा. मुठीवर सुती पट्टी गुंडाळा. आपल्याकडे सगळेच दुपट्टा बांधतात, तिलाही बांधू द्या, पण त्याचं टोक आत खोचलेलं आहे की नाही हे तुम्ही स्वतः बघा. सुटं टोक दोरीत अडकतं आणि मान जोरात ओढली जाते. मी हे मैदानावर पाहिलंय. दर 2 फेऱ्यांनंतर पाणी किंवा मीठ घातलेलं ताक. चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी म्हणाली तर "एवढे 3 बाण मारून घे" असं म्हणू नका.

आणि एक करून बघा. आज रात्री दोरी उतरवल्यावर अर्ध्या तासाने धनुष्य फरशीवर ठेवा, मूठ जमिनीपासून किती वर राहते ते पट्टीने मोजून लिहून ठेवा. 15 दिवसांनी त्याच वेळी परत मोजा. फरक नसेल तर धनुष्य ठीक आहे आणि दुपारच्या सरावाला नेम थोडा वर धरायचा, इतकंच. आकडा वाढत असेल तर इथेच खाली लिहा, शक्य तर बाजूने काढलेला फोटोही टाका.