ज्याचा खांब त्याचं इंटरनेट

प्रश्न: आम्ही दोघं सध्या मुलाकडे अमेरिकेत आलोय, टेनेसी राज्यात. त्याचं घर चॅटनूगा शहराबाहेर आहे, गाडीने वीस-पंचवीस मिनिटं. इथलं नेट इतकं रडतं की सांगलीला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला की तिचा चेहराच अडकून बसतो, आणि वर ती म्हणते, अगं तू अमेरिकेत आहेस ना? मुलाचा मित्र शहरात राहतो, त्याच्याकडे म्हणे तिथल्या वीज कंपनीचंच फायबर आहे आणि ते सुसाट चालतं. आम्ही चौकशी केली तर उत्तर मिळालं, तुमच्या पत्त्यावर देता येत नाही, कायदा आहे. शेजारच्या गावात वायर टाकायला कायदा आडवा येतो हे काय प्रकरण आहे?
— एक वाचक, सांगली (मुक्काम टेनेसी)

उत्तर: ताई, तुम्हाला खरं तेच सांगितलंय. चॅटनूगात वीज देते ती ईपीबी, म्हणजे शहराच्याच मालकीची संस्था. फायबर टाकलं ते मुळात विजेसाठी, की वादळात झाड पडलं तर फॉल्ट कुठे आहे ते लगेच कळावं आणि सप्लाय आपोआप दुसऱ्या बाजूने फिरावा. त्यासाठी २००८ च्या मंदीनंतरच्या सरकारी पॅकेजमधून सुमारे ११ कोटी डॉलर मिळाले. आता तार घरापर्यंत आलीच आहे तर नेटही देऊया, आणि २०१० मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या वीजग्राहकांना सेकंदाला १ गिगाबिट वेगाचं नेट देऊ केलं, तेही तेव्हा जेव्हा अमेरिकेतल्या भल्याभल्या शहरांत ते मिळत नव्हतं. केबलवाल्यांनी काम सुरू व्हायच्या आधीच कोर्टात खेचलं होतं, पण ते टिकलं नाही.

मेख अशी की टेनेसीच्या कायद्याप्रमाणे शहराची वीज संस्था नेट देऊ शकते ते फक्त ती जिथे वीज देते तिथेच. तुमच्या मुलाला वीज दुसरीच संस्था देत असणार, विषय संपला. बरं, ईपीबी गप्प बसली नव्हती. ती आणि नॉर्थ कॅरोलिनातलं विल्सन शहर असे दोघं एफसीसीकडे, म्हणजे तिकडच्या ट्रायकडे म्हणा, गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी त्यांच्या बाजूने निकाल लागला. पण राज्यं कोर्टात गेली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये कोर्ट म्हणालं, राज्य आणि त्याच्या नगरपालिका यांच्या मध्ये पडायचा अधिकार एफसीसीला नाही. तेवढ्यात विल्सनने शेजारच्या पाइनटॉप्स या छोट्या गावात फायबर नेलंही होतं! दिलेलं नेट काढून घ्यायची वेळ आली, शेवटी २०१७ मध्ये राज्याला त्या एका गावापुरती सूट द्यावी लागली.

आणि कायदा नसता तरी पुढे खांब आहेतच. घराबाहेरच्या लाकडी खांबाकडे एकदा नीट बघा. सगळ्यात वर वीज, मग सुरक्षेसाठी सोडलेली मोकळी जागा, तिच्या खाली केबलवाल्याची वायर, फोनवाल्याची वायर. दोन वायरींत ठरलेलं अंतर लागतं, त्यामुळे नवा आला की जुन्यांनी आपापली वायर फूटभर सरकवायची, आणि ती ज्याची त्यानेच. एक गाडी येते, एक वायर वर करून जाते, मग दुसऱ्या कंपनीची गाडी कधी येईल ती वाट बघत बसा. ज्याचं गिऱ्हाईक पळणार आहे त्यानेच जागा करून द्यायची म्हटल्यावर त्याला कसली आलीय घाई. नॅशव्हिलने २०१६ मध्ये नियम केला की एकाच टीमने एका खेपेत सगळ्या वायरी सरकवाव्यात, तर तोही २०१७ मध्ये कोर्टात पडला. एफसीसीने स्वतःच तसा नियम आणला तो २०१८ मध्ये. ईपीबीचं जमलं त्याचं अर्धं कारण हेच, खांब तिचेच होते.

कोलोरॅडोत वेगळीच तऱ्हा. गावाला स्वतःचं नेट द्यायचं असेल तर २००५ च्या कायद्याने आधी गावाचं मतदान घ्यायची अट घातली. फोर्ट कॉलिन्समध्ये २०१७ ला मतदान झालं तर विरोधी बाजूने जवळपास ९ लाख डॉलर उडवले, बाजूने असलेल्या लोकांकडे होते पंधराएक हजार, तरी गाव जिंकलं. ती अट राज्याने २०२३ मध्ये काढून टाकली.

आता गावाने स्वतः नेट दिलं की सगळंच गोड असतं असं मात्र समजू नका. युटा राज्यातल्या प्रोव्हो गावाने स्वतःचं फायबर टाकलं, पण हिशोब जमलाच नाही, २०१३ मध्ये त्यांनी अख्खं नेटवर्क गुगलला १ डॉलरला दिलं आणि कर्जाचे हप्ते मात्र लोकांच्या बिलात तसेच राहिले.

तुमच्या मुलाला एक काम सांगा. वीजबिल काढून बघायचं, वीज सहकारी संस्थेची आहे का. २०१७ च्या कायद्याने टेनेसीत वीज सहकारी संस्थांना नेट द्यायची मुभा मिळाली, आणि सहकारी म्हणजे तो ग्राहक नाही, सभासद आहे. वार्षिक सभेला जाऊन उभं राहायचं आणि फायबर कधी ते विचारायचं. सांगलीच्या माणसाला साखर कारखान्याची सभा माहीत असते, त्याला हे शिकवायला नको 🙂

प्रश्न: आमच्या पुण्यातल्या सोसायटीत एकाच कंपनीचं नेट मिळतं. दुसऱ्याला गेटवरूनच परत पाठवतात. काही करता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: इथे खांबाच्या जागी तुमची डक्ट, म्हणजे इमारतीत वायरी न्यायची पोकळी, आहे एवढाच फरक. बिल्डरने त्या कंपनीशी काही लेखी करार केलाय का ते कमिटीकडून आधी मागवा, आणि मुदत बघा. करार नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव करा की डक्ट सगळ्यांना सारख्याच अटींवर खुली. दुसऱ्या कंपनीवाल्याला बोलवाल तेव्हा पंधरा-वीस घरांच्या सह्या हातात असू द्या, दोन कनेक्शनसाठी कोणी वायर ओढत नाही.