बाग पण हवी आणि हॉल पण हवा, मग आधी जागेचे कागद काढा

प्रश्न : आमच्या कॉलनीत वीस गुंठ्यांची ओपन स्पेस आहे, लेआउट झाला तेव्हापासून नुसती पडून आहे, गवत, कचरा आणि पावसाळ्यात साप. आता सगळ्यांनी मनावर घेतलंय, तिथं बाग करायची आणि सोबत कार्यक्रमाला एक हॉल. आमदार म्हणाले प्रस्ताव द्या, फंडातून बघतो. पण एक गट म्हणतोय हॉल मोठाच बांधू, लग्नाला भाड्याने देऊ, त्यात बागेचा खर्च निघेल. दुसरा म्हणतो मग बाग उरणार कुठं? सुरुवात कशी करायची?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नमस्कार. पहिलं काम म्हणजे नगरपरिषदेच्या नगररचना विभागातून मंजूर लेआउटची नक्कल काढा आणि सोबत सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे जागा नक्की कुणाच्या नावावर आहे ते कळेल. कुठं सोसायटीची असते, कुठं नगरपरिषदेकडे गेलेली असते, कुठं अजून मूळ मालकाचंच नाव लागलेलं असतं आणि कॉलनीला पत्ताच नसतो. सरकारी पैसा मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच येणार, जागा कुणाची आणि ती सगळ्यांना खुली राहणार का.

आता हॉल. इथं मी सरळ दुसऱ्या गटाच्या बाजूने आहे, आणि नियमही त्यांच्याच बाजूने आहे. मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर २०२० च्या डिसेंबरपासून राज्यात जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे तिच्यात लेआउटमधल्या ओपन स्पेसवर जास्तीत जास्त दोन मजली बांधकाम चालतं, एकूण १५ टक्के, आणि त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांच्या वर नाही. तुमच्या वीस गुंठ्यांत म्हणजे खाली दोन गुंठे, साधारण २,१७८ चौरस फूट, आणि वर एक गुंठा, संपलं. तेही व्यायामशाळा, वाचनालय, योगकेंद्र, क्लब हाउस, बालवाडी अशाच वापराला, रहिवाशांसाठी आणि नफ्याचा हेतू न ठेवता. वेगळं सुटं टॉयलेट बांधता येत नाही, ते हॉलच्या आतच घ्यावं लागतं, हे एस्टिमेट करणाऱ्याला आधीच सांगा. मग पाचशे पानांच्या लग्नाचा हॉल यात कसा बसवणार? आणि समजा कसाबसा बसवला तरी लग्न म्हटलं की पार्किंग, मांडव, आचाऱ्याची भट्टी, जनरेटर हे सगळं बागेतच येणार, दोन सीझनमध्ये हिरवळ जाते आणि मुलांना गेटवर थांबवून सांगतात आज बुकिंग आहे.

बाग म्हणून राखलेली जागा दुसऱ्या कामाला वळवायचं हे प्रकरण पूर्वी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं आहे. बेंगळुरूत एका लेआउटमधली बागेची जागा खाजगी नर्सिंग होमला दिली होती, रहिवासी भांडले, आणि १९९१ मध्ये कोर्टाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला. हॉस्पिटल कितीही चांगलं काम असलं तरी बागेची जागा त्याला देता येणार नाही असं ठरलं, मग लग्नाच्या हॉलचं काय घेऊन बसलात.

मी तुमच्या जागी असतो तर छोटी एक खोली, वाचनालयाची किंवा योगवर्गाची, आणि बाकी खुला रंगमंच केला असता. जमिनीला उतार असेल त्याच बाजूला दगडी पायऱ्या आणि खाली एक ओटा, बस. गणपतीतले कार्यक्रम, व्याख्यानमाला, भजन, हळदीकुंकू, शाळेचं स्नेहसंमेलन सगळं त्यावर होतं, खर्च हॉलच्या मानाने बराच कमी, आणि कार्यक्रम नसेल तेव्हा म्हाताऱ्या मंडळींना बसायला जागा. फक्त पेव्हर ब्लॉक सगळीकडे टाकू देऊ नका हो, कॉन्ट्रॅक्टरला ते सोपं जातं पण पाणी मुरत नाही आणि उन्हाळ्यात संध्याकाळी सातला पण खालून वाफा येतात. असलेली कडुनिंब-करंजाची झाडं आधी नकाशावर मांडा आणि मग वॉकिंग ट्रॅक त्यांच्या बाजूने वळवा.

पैशाचं म्हणाल तर बांधायला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही, खरी अडचण इथंच आहे. आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी असतात, खासदारालाही तेवढेच, पण ते फक्त काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासनाची, आणि या निधीतून कायमस्वरूपी वस्तू उभी राहते, माळ्याचा पगार होत नाही. म्हणून नगरपरिषदेच्या ठरावातच लिहून घ्या की देखभाल कोण करणार. माळी, वॉचमन, लाइट बिल, बोअरची मोटर, साफसफाई, याचा महिन्याचा आकडा एस्टिमेटच्या आधी काढा. कोणी म्हणेल दहा लाख जमवून बँकेत ठेवू, पण ७ टक्क्यांनी वर्षाचे ७० हजार होतात, म्हणजे महिन्याला सहा हजारसुद्धा नाहीत, त्यात एक पूर्णवेळ माळी येत नाही. घरटी महिन्याची वर्गणी आणि ओट्याचं माफक भाडं हे दोन्ही लागणारच.

पुण्याचं एम्प्रेस गार्डन एकदा बघून या. ते एक बागायती संस्था चालवते आणि जानेवारीतलं त्यांचं पुष्पप्रदर्शन तिकीट काढून लोक बघायला जातात. कार्यक्रम बागेला धरूनच असावा, हे तिथं नीट दिसतं.

प्रश्न : आमच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीने बागेला सीएसआरमधून, म्हणजे नफ्यातून समाजकामासाठी काढायच्या पैशातून, मदत करायची तयारी दाखवलीय, पण आमचं नुसतं मित्रमंडळ आहे, रजिस्टर नाही. जमेल का?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : असं थेट नाही जमणार. नफा, उलाढाल किंवा मालमत्ता ठराविक मर्यादेच्या वर असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात, पण संस्थेमार्फत खर्च करायचा तर संस्था नोंदलेली हवी, आयकराच्या १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) च्या नोंदी हव्यात आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून मिळालेला नंबर पण हवा. त्यात वेळ जातो. त्यापेक्षा गावातली असे कागद तयार असलेली एखादी संस्था गाठा, तिच्यामार्फत कंपनीकडे प्रस्ताव द्या, आणि पहिल्या तीन वर्षांची देखभाल त्याच प्रस्तावात मागा. नंतर मागायला गेलं की साहेब बदललेले असतात.

प्रश्न : खुला रंगमंच झाला की रोज डीजे लागेल अशी भीती वाटते, घरात आजारी माणूस आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, सरकारने वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री बारापर्यंत सूट दिली तेवढाच अपवाद. आणि रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, त्यात डीजे बसतच नाही. पण प्रत्येक वेळी पोलिसांना फोन करत बसण्यापेक्षा भाड्याच्या पावतीवरच अट छापून घ्या, स्पीकर संस्थेचाच वापरायचा, बाहेरचा आत येणार नाही, आणि अट मोडली तर डिपॉझिट जप्त. ओटा बांधतानाच त्याचं तोंड घरांकडे न करता रस्त्याकडे ठेवायला सांगा, काम झाल्यावर ते फिरवता येत नाही.