मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडून खेळाडूंची कार्डे घ्यावीत का?

नागपुरातील मनीषनगर येथील एका वाचकांनी लिहिलेल्या पत्राचा सारांश असा आहे. त्यांचे वय ४४ असून ते मिहानमधील एका कंपनीत नोकरी करतात, तर पत्नी शाळेत शिक्षिका आहेत. गृहकर्जाच्या हप्त्यासह महिन्याला ७० हजार रुपये खर्च होतात आणि २० हजार उरतात. मुलगी ११ वर्षांची आहे. त्यांना लहानपणापासून खेळाडूंची छायाचित्रे असलेली छापील कार्डे जमवण्याचा नाद आहे आणि आजच्या ऑनलाइन भावाने आपला संग्रह १ लाख ८० हजार रुपयांचा आहे असे ते लिहितात. येत्या उन्हाळ्यात हे कुटुंब न्यू जर्सीला मेहुण्यांकडे जाणार आहे. मेहुणे तिथल्या कार्ड शोमध्ये, म्हणजे कार्डांच्या खरेदी-विक्रीच्या मेळ्यात, भाड्याने टेबल घेतात आणि गेल्या वर्षी ४०० डॉलरला घेतलेले एक कार्ड त्यांनी ९०० डॉलरला विकले. ते पाहून ६ लाखांची मुदत ठेव मोडावी, तिथे ग्रेडेड (म्हणजे तपासणाऱ्या कंपनीने दर्जाचा आकडा देऊन आवरणात बंद केलेली) कार्डे विकत व अदलाबदलीने घ्यावीत, ती भारतात आणून मुंबई-बंगळुरूच्या मेळ्यांत विकावीत आणि सहा वर्षांत मुलीच्या महाविद्यालयाचा खर्च उभा करावा, असा त्यांचा विचार आहे. ‘आधी कोणाला तरी विचारून घ्या,’ असे पत्नीने सुचवल्यामुळे त्यांनी हे पत्र लिहिले.

सप्रेम नमस्कार.

आपण ही ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कार्डांचा नाद वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही, आणि आपण पत्रात कार्डांबद्दल ज्या जाणकारीने लिहिले आहे ती वाचून मला आनंद झाला. मात्र हे ६ लाख रुपये मोकळे पैसे नाहीत. आपला महिन्याचा खर्च ७० हजारांचा आहे, म्हणजे सहा महिन्यांच्या अडीअडचणीसाठी ४ लाख २० हजार रुपये हाताशी हवेत. दोघांपैकी एकाची नोकरी गेली किंवा घरात मोठे आजारपण आले, तर गृहकर्जाचा हप्ता थांबत नाही. उरलेले १ लाख ८० हजार मुलीचे आहेत, आणि महाविद्यालयाची फी भरण्याची तारीख बाजारातला भाव पाहून ठरत नसते. ठेव मुदतीपूर्वी मोडल्यास व्याजात साधारण अर्धा ते एक टक्का दंड बसेल. ते नुकसान लहान आहे. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची.

आपल्या पत्रात खरेदीबद्दल दोन पाने आहेत आणि विक्रीबद्दल एक ओळ आहे. कार्ड शोमधल्या टेबलाजवळ काय घडते ते जवळून पाहिले, तर ही ओळ किती महागात पडू शकते ते लक्षात येईल. आपण कार्ड पुढे ठेवता. विक्रेता ते उजेडात तिरपे धरतो, भिंगाखाली चारही कोपरे पाहतो, मग मोबाइलवर तेच कार्ड त्याच ग्रेडमध्ये अलीकडे कितीला विकले गेले ते काढतो. या झालेल्या विक्रीच्या भावाला तिथे ‘कॉम्प’ म्हणतात. कॉम्प १०० डॉलरचा निघाला, तर रोखीत तो आपल्याला साधारण ७० ते ७५ डॉलर देऊ करतो, आणि खप कमी असलेल्या खेळाडूच्या कार्डाला त्याहूनही कमी. यात त्याची लबाडी नाही. टेबलाचे भाडे, प्रवास आणि कार्ड पडून राहण्याची जोखीम त्याला याच फरकातून भरून काढायची असते. इतवारीच्या सराफ्यात दागिना घेताना घडणावळ द्यावी लागते आणि मोडीत देताना घट सोसावी लागते, तसाच हा व्यवहार आहे. फरक एवढाच की सोन्याचा त्या दिवशीचा भाव सगळ्या सराफ्याला ठाऊक असतो आणि मोड घेणारा दुकानदार रोज सापडतो. कार्डाला भाव तेव्हाच असतो, जेव्हा ते हवे असणारा माणूस समोर उभा असतो. ईबेवर थेट ग्राहकाला विकले तरी साधारण १३ टक्के शुल्क जाते, आणि पाठवणीचा खर्च वेगळा.

आता हाच फरक आपल्या ६ लाखांना लावून पाहू. वर्षाला ७ टक्के चक्रवाढ धरली, तर पाच वर्षांनी ठेवीचे सुमारे ८ लाख ४१ हजार होतात. तेवढीच रक्कम कार्डांतून हाती यायची असेल आणि विकताना कॉम्पच्या ७५ टक्के मिळणार असतील, तर त्या कार्डांचा बाजारभाव पाच वर्षांत ११ लाख २० हजारांवर जायला हवा, म्हणजे दरवर्षी १३ टक्क्यांहून अधिक वाढ हवी. यात दोन्हीकडचा कर आणि परदेशात क्रेडिट कार्ड वापरल्यावर चलन बदलाचे जे शुल्क लागते, ते मी धरलेले नाही. ते अनेक बँकांत जीएसटीसह चार टक्क्यांपर्यंत जाते. रुपया डॉलरपुढे घसरला, तर आपल्याला थोडा आधार मिळेल हे मान्य आहे. पण तो आधार डॉलरमध्ये विकणाऱ्यालाच मिळतो, आणि आपण तर विक्री मुंबई-बंगळुरूला करणार आहात.

अदलाबदलीबद्दल आपण लिहिले आहे की ‘त्यात पैसे जातच नाहीत’. हा समज मी आग्रहाने दूर करू इच्छितो. अदलाबदलीत विक्रेता आपल्या कार्डाला रोखीपेक्षा चांगला भाव देतो, कॉम्पच्या ८० ते ९० टक्के धरतो, आणि स्वतःचे कार्ड मात्र पूर्ण कॉम्पला लावतो. १०० डॉलरच्या कार्डाचे ८५ झाले, त्या ८५ चे पुढच्या टेबलावर ७२ झाले, आणि तिसऱ्या टेबलावर ६१. दिवसभर खिशातून एक डॉलरही न काढता संग्रहाची किंमत जवळजवळ चाळीस टक्क्यांनी उतरू शकते, आणि संध्याकाळी हातात आवडीचे कार्ड असल्यामुळे ते जाणवतही नाही. दोन संग्राहक एकमेकांशी सम भावाने अदलाबदल करतात, तिथे हा तोटा होत नाही. म्हणून शोमध्ये अदलाबदल करायचीच असेल तर ती टेबलापलीकडच्या विक्रेत्याशी न करता आपल्यासारख्याच हौशी माणसाशी करावी.

आपण अमेरिकन बेसबॉलपटू मिकी मँटलच्या कार्डाचे उदाहरण दिले आहे. ते खरेच आहे. १९५२ साली टॉप्स कंपनीने काढलेले ते कार्ड १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका शोमध्ये ५० हजार डॉलरला घेतले गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. एकतीस वर्षांचा हा परतावा दरसाल १९ टक्क्यांच्या वर भरतो. पण हे कार्ड इतके दुर्मीळ का झाले, तेही पाहावे. त्या काळी मुलांनी कार्डे सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी ती रद्दीत घातली, आणि टॉप्सचे साय बर्जर सांगत त्याप्रमाणे १९५२ चा न खपलेला माल १९६० च्या सुमारास समुद्रात बुडवण्यात आला. कोणी गुंतवणूक म्हणून जपली नाहीत म्हणून उरलेल्या थोड्यांना मोल आले. याच गोष्टी ऐकून १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लाखो लोकांनी पेट्याच्या पेट्या घेऊन जपून ठेवल्या, कंपन्यांनीही अमाप छापले, आणि त्या काळातली बहुतेक कार्डे आज मातीमोल आहेत. तिथले संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’चा काळ म्हणतात. आज शोमध्ये दिसणारी नवी कार्डे छापली जातात त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या आवरणात जातात. ती नाहीशी होणार नाहीत.

शिवाय जुने आणि नामांकित कार्डही सुरक्षित असतेच असे नाही. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचे फ्लीअर कंपनीचे १९८६ चे कार्ड, पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या १० या सर्वोच्च ग्रेडचे, २०२१ च्या जानेवारीअखेर ७ लाख ३८ हजार डॉलरला विकले गेले आणि त्याच वर्षी काही महिन्यांत तसेच कार्ड २ लाख डॉलरच्या आसपास आले. खेळाडू तोच, ग्रेड तीच, आणि त्या मधल्या काळात जॉर्डन एकही सामना खेळलेला नव्हता. ज्याने शिखरावर खरेदी केली त्याचे जवळपास तीन चतुर्थांश भांडवल एका हंगामात गेले. मैदानात असलेल्या तरुण खेळाडूचे कार्ड तर याहून नाजूक असते. कळमन्यात संत्र्याचा जो भाव सकाळी असतो तो आवक वाढली की दुपारी राहत नाही, आणि संत्री थांबत नाहीत; गुडघा दुखावलेल्या खेळाडूच्या रूकी कार्डाचे, म्हणजे पदार्पणाच्या काळातल्या कार्डाचे, तसेच होते.

ग्रेडिंगबद्दल थोडेच लिहितो, कारण आपल्याला ते माझ्याहून अधिक कळते. कच्चे, म्हणजे ग्रेड न झालेले, कार्ड घेऊन १० ची ग्रेड मिळेल या भरवशावर हिशेब मांडू नये. ९ आली, तर अनेक नव्या कार्डांत ग्रेडिंगचा खर्चही जेमतेम निघतो. आवरणबंद कार्ड घेताना त्यावरील प्रमाणपत्र क्रमांक ग्रेडिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टेबलापाशीच तपासावा, कारण बनावट आवरणेही बाजारात फिरतात.

या योजनेत आणखी चार अडचणी आहेत. विकण्यासाठी आणलेला माल प्रवाशाच्या सामानाच्या शुल्कमुक्त सवलतीत बसत नाही. तो विमानतळावर जाहीर करावा लागतो आणि त्यावर सीमाशुल्क भरावे लागते. नियमित खरेदी-विक्री केली, तर नफा व्यवसायाचे उत्पन्न धरून आपल्या टप्प्याच्या दराने करपात्र होतो. २४ महिन्यांहून अधिक काळ धरून ठेवलेल्या मालमत्तेला लागणारा १२.५ टक्क्यांचा दीर्घकालीन भांडवली नफ्याचा दर आपल्या योजनेला लागेल असे गृहीत धरू नये. न्यू जर्सीत मेहुण्यांच्या टेबलामागे उभे राहून स्वतः विक्री करण्याचा विचार असेल, तर तो पर्यटक व्हिसाच्या अटींशी ताडून पाहावा. चौथी अडचण आपल्या घरातलीच आहे. चमकदार मुलाम्याची कार्डे दमट हवेत वाकतात, आणि आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत घरोघरी कूलर ओल्या हवेचा झोत खोलीत सोडत असतो. कार्डे कूलरच्या खोलीत उघडी ठेवू नयेत. हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावीत. घराचा विमा असेल, तर असा संग्रह त्यात वेगळा नोंदवल्याशिवाय सहसा धरला जात नाही, हेही तपासावे.

मेहुण्यांनी ४०० चे ९०० केले, याचे मला कौतुक आहे. त्यांना फक्त एवढे विचारावे की त्या वर्षी घेतलेल्या सगळ्या कार्डांची बेरीज काय झाली, किती अजून घरात आहेत, आणि टेबलाचे भाडे, पेट्रोल व शनिवार-रविवार यांचा हिशेब मांडला आहे का. ते मोकळेपणाने सांगतील, आणि ते आकडे माझ्या सल्ल्याइतकेच उपयोगी पडतील.

माझी सूचना अशी आहे. प्रवासाला अजून काही महिने आहेत. आपल्या १ लाख ८० हजारांच्या संग्रहातली, आपल्या अंदाजाने २० हजार रुपये किमतीची दहा कार्डे निवडा आणि भारतातच विका. एका साध्या वहीत प्रत्येक कार्डापुढे खरेदीची तारीख व किंमत, आपला अंदाज, प्रत्यक्ष खात्यात आलेली रक्कम आणि विकायला लागलेले दिवस लिहा. ऑनलाइन लोक मागतात ती किंमत आणि मिळते ती किंमत यांतले अंतर त्या वहीत दिसेल. ही वही पुढेही चालू ठेवा आणि पत्नीला ती कुठे आहे ते सांगून ठेवा. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबात वडिलांनी चाळीस वर्षे जमवलेली नाणी आणि तिकिटे होती. ते गेल्यावर त्यातले मोलाचे काय आणि साधे काय हे घरात कोणालाच सांगता येईना, आणि अखेर सगळे एकत्रच, पहिल्या आलेल्या गिऱ्हाइकाला द्यावे लागले.

या दहा कार्डांतून जे येईल ते, आणि आजपासून महिन्याला ३ हजार रुपये वेगळे काढून जे साठेल ते, एवढेच पैसे न्यू जर्सीला न्यावेत. त्यातून मनापासून आवडलेली दोन-तीन कार्डे घ्यावीत. ती पुढे वाढली तर उत्तम. न वाढली तरी मुलीच्या फीला धक्का लागणार नाही. उरणाऱ्या १७ हजारांपैकी १२ हजार दरमहा मुलीच्या नावाने इंडेक्स फंडात लावावेत आणि प्रवेशाला दोन वर्षे राहिली की तिथून हळूहळू ठेवीत आणावेत.

एक गोष्ट त्या दहांत घेऊ नये. आपण ओघात लिहिले आहे की ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर झालेल्या न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याचे, म्हणजे गावस्करांच्या एकमेव एकदिवसीय शतकाचे आणि चेतन शर्मांच्या हॅट्ट्रिकचे तिकीट वडिलांनी जपून आपल्याला दिले. त्याला आज काय येईल, असे आपण विचारले आहे. ते तिकीट आपण विकू नये.

दहा कार्डांची वही मार्चअखेर माझ्याकडे पाठवा. कॉम्पच्या ८० टक्क्यांहून अधिक रक्कम आणि दोन महिन्यांच्या आत विक्री, असे तिच्यात दिसले, तर महिन्याचे ३ हजार वाढवून ५ हजार करायला माझी हरकत नसेल. ठेवीबद्दलचे उत्तर मात्र तेव्हाही हेच राहील.