तुमचे प्रश्न : ब्रेड, पावाचा नाही वेणीचा

प्रश्न : मुलाने लॅपटॉपवर ब्रेड नावाचा गेम टाकून दिलाय आणि 'आई, मास्टरपीस आहे' म्हणून हॉस्टेलला निघून गेला. मला तर तो सूटबूट घातलेला मारिओच वाटतो. आणि दुसऱ्या जगात चित्रकोड्याचा एक तुकडा काही केल्या मिळत नाहीये, तीन दिवस झाले. यूट्यूबवर बघू का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नका बघू. म्हणजे बघा, तुमचा लॅपटॉप, पण मग हा गेम खेळायचा कशाला तेच कळत नाही, कारण यात तेवढंच तर आहे. मारिओ वाटतो हे बरोबर आहे आणि ते मुद्दामच केलंय, कारण हा गेम बनवणाऱ्या जोनाथन ब्लो या माणसाला मारिओतली एक गोष्ट काढून बघायची होती, ती म्हणजे मरण. इथे तुम्ही खड्ड्यात पडलात की एक बटण दाबून धरायचं, सगळं उलटं फिरतं, गाणंसुद्धा उलटं वाजतं, आणि तुम्ही परत काठावर. कितीही वेळा. म्हणजे 'माझा हात चालत नाही, आता वय झालं' हे कारण बऱ्यापैकी बाद, उरलं काय तर डोकं.

तुम्ही अजून तिसऱ्या जगात गेला नसाल तर एक सांगतो, तिथे हिरवट चमकणाऱ्या वस्तू आहेत ज्यांना वेळ मागे नेल्याने काहीच फरक पडत नाही. तर एका खोल खड्ड्यात अशी किल्ली पडलीये, उडी मारली तर वर यायला वाटच नाही. मी अर्धा तास भिंतीवर उड्या मारत बसलो होतो. करायचं काय, तर खुशाल खाली जायचं, किल्ली उचलायची आणि वेळ मागे न्यायची. तुम्ही मागे मागे जात वर येता, किल्ली मात्र मागे जात नाही ना, ती हातातच राहते! हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी घरात एकटाच ओरडलो होतो. चौथ्या जगात तर तुम्ही उजवीकडे चाललात की वेळ पुढे, डावीकडे वळलात की मागे, थांबलात की सगळं ठप्प.

तुमच्या त्या तुकड्याबद्दल एवढंच सांगतो की लेव्हलमध्ये जी चित्राची फ्रेम आहे ती नुसती शोभेला लावलेली नाहीये. (ते कोडं मला आजही थोडं चीटिंग वाटतं, बाकीची कोडी नाही.) आणि तुकडा राहिला म्हणून पुढे जाता येत नाही असं नाही, सरळ चालत दारातून निघून जा, आमटी-बिमटी करा, उद्या परत या. ब्लोने स्वतःच्या साइटवर अधिकृत वॉकथ्रू (म्हणजे गेम कसा सोडवायचा ते पायरीपायरीने सांगणारं) म्हणून जे टाकलं होतं तेही थोडंसं सांगून झाल्यावर हेच म्हणतं, की वॉकथ्रू बघू नका, स्वतः सोडवा. लबाड माणूस.

प्रश्न : हा गेम आला तेव्हा किमतीवरून भांडणं झाली होती म्हणतात. एवढं कौतुक झालं तर भांडण कशाचं? आणि आता नवी आवृत्ती घ्यावी की जुनीच? (कॉलेज विद्यार्थी, ठाणे)

उत्तर : ऑगस्ट २००८ मध्ये एक्सबॉक्सवर आला, किंमत १२०० पॉइंट म्हणजे १५ डॉलर, आणि तेव्हा डाउनलोडचे छोटे गेम साधारण १० ला मिळायचे, त्यामुळे चार-पाच तासात संपणाऱ्या गेमला १५ का म्हणून लोक तापले. दुसऱ्या बाजूला समीक्षक नुसते वेडे झाले होते, परीक्षणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक साइटवर १०० पैकी ९३ होते. ब्लोने स्वतःच्या खिशातले जवळपास दोन लाख डॉलर घातले होते, डेव्हिड हेलमनने ती जलरंगासारखी चित्रं काढली. पैसे सुटले, इतके सुटले की त्यातूनच त्याचा पुढचा गेम द विटनेस उभा राहिला. पण गंमत अशी की कौतुकानेही तो खूश नव्हता, लोक वाहवा करतायत पण गेम नेमका काय म्हणतोय ते त्यांना दिसलंच नाही असं त्याचं म्हणणं. सोल्जा बॉय नावाच्या रॅपरने तर व्हिडिओ टाकून खो खो हसत सांगितलं होतं की यात काही अर्थच नाही, पण वेळ मागे जाते तेव्हा भारी मजा येते. मला विचाराल तर तो पठ्ठ्या निम्मा बरोबर होता. गोष्टीचा जो मजकूर प्रत्येक जगाच्या आधी पुस्तकांत वाचायला मिळतो तो मला जड वाटतो, उगाच गंभीर. तेच सगळं शेवटच्या लेव्हलमध्ये जवळजवळ काहीच न बोलता होतं आणि तिथे अंगावर काटा येतो. ती लेव्हल पहिल्या जगात आहे आणि पहिलं जग सगळ्यात शेवटी उघडतं, का ते सांगत नाही, फक्त गेमभर जिला शोधायचं ती राजकन्या कुठून कुठे पळतेय ते नीट बघ.

नवी म्हणजे अॅनिव्हर्सरी एडिशन मे २०२४ ला आली, चित्रं नव्याने रंगवलीत, पंधरा तासांच्या वर कॉमेंटरी आहे. विक्री मात्र आपटली, हे ब्लोनेच फार सभ्य नसलेल्या शब्दांत जाहीर सांगितलं. गेम कसे बनतात यात रस असेल तर नवीच घे. नुसती कोडी सोडवायची असतील तर जुनी पुरे, ती सेलमध्ये वडापावच्या भावात मिळाली तर सोडू नकोस.