वाचकांचे प्रश्न : चौघांचं एकमत आणि वीस भावाचा घोडा

प्रश्न : आम्ही चौघं मित्र पुण्याच्या आणि महालक्ष्मीच्या रेसचा अभ्यास करतो, जमेल तेव्हा गाडीने जाऊन कोर्सवरच लावतो. एखादा वीस भावाचा (जिंकला तर एकाला वीस देणारा) घोडा मला आवडला की मी तिघांना विचारतो. ‘येऊ शकतो’ म्हणाले की धीर येतो आणि नेहमीच्या दुप्पट लावतो. हे योग्य आहे का?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : मित्रांना विचारणं चांगलंच, पण तुम्ही आधी घोड्याचं नाव सांगता आणि मग मत मागता, गडबड तिथे होते. नाव कानावर पडलं की तिघंही त्याच्या बाजूची कारणं शोधू लागतात, आणि मोठ्या भावाच्या घोड्याच्या बाजूने एखादं कारण निघतंच. शिवाय चौघांनी ट्रॅकवर्कचं, म्हणजे घोड्यांच्या सरावाच्या वेळांचं, तेच पान वाचलेलं असतं. ‘६०० मीटर ३८ सेकंद, सहज’ ही एकच ओळ चौघांच्या तोंडून आली म्हणून ती चार मतं होत नाहीत. रावेरच्या तीन व्यापाऱ्यांनी बऱ्हाणपूरचा बोर्ड बघून केळीचा भाव सांगितला, तर तो भाव एकच असतो, तसंच हे.

स्वतंत्र अंदाजांची ताकद मात्र खरी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १९०७ साली इंग्लंडमधल्या प्लिमथच्या प्रदर्शनातल्या ७८७ चिठ्ठ्यांचा हिशेब छापला. लोकांनी एका बैलाच्या मांसाचं वजन ओळखायचं होतं. मधला अंदाज १,२०७ पौंड निघाला, प्रत्यक्ष वजन होतं १,१९८. ज्याने त्याने आपापली चिठ्ठी भरली होती, म्हणून चुका दोन्ही बाजूंना पडल्या आणि एकमेकींना खाऊन गेल्या.

तुम्हीही तसंच करा. रेसकार्ड (रेसमधल्या घोड्यांची यादी) हातात आलं की भाव न बघता प्रत्येकाने वेगळ्या कागदावर सगळ्या घोड्यांना टक्के द्यायचे, बेरीज १०० आलीच पाहिजे. बेरजेचा हट्ट यासाठी, की एका घोड्याला वाढवून दिलं तर ते कोणाकडून तरी काढावं लागतं. नुसतं ‘येऊ शकतो’ म्हणायला काहीच लागत नाही. प्रत्येक मोठ्या भावाच्या घोड्यापुढे एकच मुख्य कारण लिहा. ठरलेल्या वेळी चौघांनी एकदम फोटो पाठवा, मग बोला. बोलताना माणसं नव्हे, कारणं मोजा. एकाने अंतर बघितलं (घोडा १,२०० मीटरवर दमत नाही, शेवटी जवळ येतो आणि आज १,६०० मीटर आहे), दुसऱ्याने वजन बघितलं (रेटिंग, म्हणजे घोड्याच्या कुवतीचे अंक, ६ ने उतरलं, म्हणजे त्याच वर्गात पाठीवर ३ किलो कमी), तिसऱ्याने वेग बघितला (पुढे पळणारे चार घोडे एकमेकांना दमवणार), तर ती तीन मतं धरा. तिघांनीही तेच ट्रॅकवर्क लिहिलं असेल तर एक.

आता भाव. वीस भाव म्हणजे कागदावर २१ पैकी एकदा, ४.८ टक्के. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून पैजेवर ४० टक्के जीएसटी आहे. तो वरून धरला तर १०० लावायला १४० जातात. घोडा आला तर २,१०० येतात, त्यातल्या जिंकलेल्या २,००० वर ३० टक्के आयकर, म्हणजे ६०० गेले (उपकर वेगळा). हातात १,५००. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला घोडा ९.३ टक्के वेळा यायला हवा. चौघांच्या कागदांवर ६, ७, ८, ७ असेल तर एकमत आहे, पण पैज नाही. इथे सगळ्यांत जास्त पैसा जातो, कारण एकमत झालं की भाव पुन्हा तपासावासा वाटत नाही. त्यात मोठ्या भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त लावतात, हे १९४९ पासून अभ्यासात दिसत आलं आहे.

सरासरी ११ आली तरी दुप्पट लावू नका. जवळच्या पैशातला किती हिस्सा लावावा हे सांगणाऱ्या जॉन केली यांच्या १९५६ च्या सूत्राने ११ टक्क्यांना, वरचे दोन्ही कर धरून, रेससाठी बाजूला ठेवलेल्या १०,००० पैकी करासकट १८० च्या आसपास रक्कम बसते. आपले टक्के चुकतात हे धरून त्याचा चौथा हिस्सा घ्या, म्हणजे ४५. रक्कम किरकोळ वाटेल, पण गणित तेवढंच सांगतं.

प्रश्न : आमच्यातल्या एकाने या सीझनला पंचवीस भावाचे दोन घोडे काढले. डोळे झाकून त्याच्या मागे जावं का?
– एक वाचक, धुळे

उत्तर : त्याने असे एकूण किती घोडे सांगितले? आलेले दोन सगळ्यांना आठवतात, न आलेले कोणी लिहून ठेवत नाही. समजा ४० सांगितले. ज्याचे घोडे खरं तर १०० पैकी ३ वेळाच येतात, म्हणजे पंचवीस भावाला कर सोडूनही जो तोट्यात आहे, त्याचेसुद्धा ४० मध्ये दोन किंवा जास्त घोडे साधारण तीनांत एकदा लागतात. उलट ५ टक्क्यांचा चांगला जाणकार सलग २० वेळा रिकामा जाण्याची शक्यता ३६ टक्के, सलग ५० वेळा जवळपास ८ टक्के. त्यामुळे दोन हिट्सवरून डोक्यावर घेऊ नका आणि वीस मिसवरून उतरवूही नका. वही ठेवा: तारीख, रेस, घोडा, रेस सुटायच्या आधी सांगितलेले टक्के, कारण, सुटतानाचा भाव, निकाल. दोनशे नोंदींच्या आत कुणाबद्दलही मत बनवू नका. त्याचं कारण दर वेळी वेगळं असेल तर ऐका. ‘आतली खबर’ एवढंच असेल तर त्या नोंदीला शून्य द्या.

प्रश्न : गावातच फोनवर पैजा घेणारा एक जण आहे, तो भावही जास्त देतो.
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : परवाना नसलेल्याकडे लावणं हा जुगारबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत कौशल्याचा खेळ मानली, ती अशा माणसाला ढाल म्हणून मिळत नाही. आणि मोठ्या भावाचा घोडा आला की पैसे बुडवले तर तक्रार कुठे करणार? जाऊ नका.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारात आमचे काका भोवरे बघून घोडा पारखतात. ती नजर पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) चालेल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : भोवरे आणि रंग सोडा. सारंगखेड्याला मारवाडी, काठेवाडी, नुकरा बघितले जातात, रेसचा घोडा थरोब्रेड असतो आणि त्याच्या वेगाचा भोवऱ्याशी संबंध नाही. पण काकांची चालीवरची नजर मात्र घेऊन जा. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडतो का, चालताना मान एका ठरावीक पावलाला वर उचलली जाते का (पुढचा पाय दुखतो तेव्हा तो टेकताना मान वर जाते), मागच्या मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आहे का, हे बघा. थंड दिवशी फेस आलेला घोडा ताकद आधीच घालवत असतो. एक अट: काकांना तुमच्या घोड्याचा नंबर आणि भाव आधी सांगू नका. त्यांनी सगळे घोडे बघून तीन वाईट नंबर लिहावेत आणि मग तुमच्या कागदाशी ताडून बघा. तुमचा वीस भावाचा घोडा त्या तिघांत असेल तर त्या दिवशी तिकीट काढू नका.