एलिक्सिर शिकलं की डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम बनवणं सोपं होतं का?

जावातले थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आणि लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारी कुलपं) सांभाळून मेटाकुटीला आलोय, एलिक्सिरला गेलो तर सुटेन का, असं तुम्ही विचारलंय. लॉकपासून सुटाल. पण डिस्ट्रिब्युटेड म्हणजे अनेक मशीन मिळून चालणारी सिस्टीम, तिथे नेटवर्कपासून कोणीच सुटत नाही.

एलिक्सिर ही प्रोग्रामिंग भाषा चालते एर्लांग या जुन्या भाषेच्या व्हर्च्युअल मशीनवर (कोड चालवणाऱ्या इंजिनावर), आणि एर्लांग १९८० च्या दशकात स्वीडनमध्ये एरिक्सनच्या प्रयोगशाळेत टेलिफोन एक्स्चेंजसाठी जन्माला आली. एक कॉल गचकला तरी बाकीचे हजारो चालूच राहिले पाहिजेत, ही त्यांची अट. म्हणून प्रत्येक प्रोसेसची, म्हणजे स्वतंत्रपणे चालणाऱ्या छोट्या कामाची, मेमरी वेगळी, कोणी कोणाच्या घरात शिरत नाही, फक्त मेसेज टाकायचा. व्हॅल्यू एकदा बनली की बदलत नाही, त्यामुळे समोरच्याला कॉपी मिळाली तरी काही बिघडत नाही. भाषा फंक्शनल (व्हॅल्यू न बदलता फंक्शनांनी काम करणारी) असण्याचा खरा फायदा हा. बाकी मॅप-रिड्यूससारख्या फंक्शनांचं कौतुक मला फारसं नाही. नवी प्रोसेस दोन-अडीच केबीत उभी राहते, म्हणून दर युजरला एक प्रोसेस देणं परवडतं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ मध्ये एका सर्व्हरवर २० लाखांहून जास्त कनेक्शन घेतली ती याच पायावर.

आता माझी फजिती ऐका. आधीच्या नोकरीत मी सगळ्या ऑर्डरींचे नंबर एकाच जेनसर्व्हरमधून (आलेले मेसेज एकेक करून हाताळणारी एलिक्सिरची प्रोसेस) द्यायचो. लॉक नाही, काही नाही, कोड सुरेख! सेलच्या दिवशी त्याच्या मेलबॉक्सात रांग लागली. जेनसर्व्हरला केलेला कॉल, वेगळं सांगितलं नसेल तर, उत्तरासाठी ५ सेकंद थांबतो, ते आलं नाही की विचारणारी प्रोसेस मरते. पण तिचा मेसेज रांगेतच राहतो! म्हणजे आमचा सर्व्हर इमानेइतबारे मेलेल्यांना नंबर वाटत बसला होता, आणि जिवंत लोक रिट्राय करून रांग वाढवत होते. सुपरवायझर (पडलेली प्रोसेस पुन्हा उभी करणारा) गप्प, कारण क्रॅश झालेलंच नव्हतं. शेवटी मेसेज क्यूची लांबी छापून बघितली तेव्हा आकडा लाखांत. लॉक गेला असं मला वाटत होतं. तो फक्त रांगेचं रूप घेऊन आला होता.

हे झालं एका मशीनवर. दोन नोड (एलिक्सिरच्या वेगवेगळ्या चालू प्रती, बहुधा वेगळ्या मशीनवर) जोडणं तर एका ओळीचं काम, आणि दुसऱ्या नोडवरच्या प्रोसेसला मेसेज पाठवायची पद्धतही तीच. इथेच माणूस फसतो. मधली वायर तुटली तर दोन्ही बाजू म्हणतात, 'समोरचा मेला'. ग्लोबल (सगळ्या नोडवर मिळून एकच असलेल्या) नावाने चालणारी एकच प्रोसेस असावी म्हणून तुम्ही जे काही केलंत, ते दोन्हीकडे आपापली प्रोसेस उभी करतं. वायर जुळली की नाव एक, दावेदार दोन. तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर त्यातली एक चक्क नाणेफेक केल्यासारखी मारली जाते, तिच्या पोटातल्या डेटासकट. पैशाचा हिशेब असला तर तो डेटाबेसमध्येच ठेवा, प्रोसेसच्या भरवशावर नको.

शिका मात्र जरूर. पहिल्याच आठवड्यात लॅपटॉपवर दोन नोड जोडा. एकाला किल -९ द्या (म्हणजे ताबडतोब मारा), दुसऱ्याला लगेच कळेल. मग परत जोडा आणि या वेळी किल -स्टॉप देऊन नुसतं गोठवा. दुसऱ्याला कळायला साधारण एक मिनिट लागेल. त्या मिनिटभरात तो काय काय करत बसतो, ते लॉगमध्ये वाचा.